श्रमिकांच्या आरोग्याचे वकील : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे चरित्र आपल्या वाचकांना नव्याने सांगावे असे नाही. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, भारतीय संविधान आणि १९५६ मधील धर्मांतर ह्या घटना शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु गरिबाला आजारपणात जो औषधोपचार मिळतो तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, कायद्यानेच त्याच्या पदरात पडावा, ह्यासाठी त्यांनी वकील, विधिमंडळाचे सदस्य आणि मंत्री ह्या नात्यांनी जे केले, त्याचा उल्लेख जयंतीच्या भाषणांत क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनातील तेवढाच धागा हाती घेतला आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. (पुढच्याच महिन्यात, १५ मे रोजी, पोप तेरावे लिओ ह्यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले, हा योगायोग आपल्या वाचकांना मौजेचा वाटेल.) सुभेदार रामजी सकपाळ ह्यांचे ते चौदावे अपत्य. आई भीमाबाई ह्यांचे छत्र बालपणीच हरपले. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथील शिक्षण संपवून त्यांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. संसार मात्र परळच्या बीआयटी चाळीत, कामगारांच्या वस्तीतच होता. त्या संसाराला आजारपणाचे आणि मृत्यूचे फार मोठे ग्रहण लागले. गंगाधर, रमेश आणि राजरत्न हे मुलगे व इंदू ही मुलगी अशी चार अपत्ये बालवयातच गेली. राजरत्नचा मृत्यू १९२६ मधला. १९३५ मध्ये दीर्घ आजारानंतर पत्नी रमाबाई ह्यांचेही निधन झाले. परदेशी पदव्या मिळवलेल्या बॅरिस्टरच्या घरची ही कथा. मग चाळीतील इतर घरांत काय घडत असेल?

ज्या वर्षी त्यांनी वकिलीला आरंभ केला, त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात सीताराम केशव बोले ह्यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. ह्या ठरावाची आठवण आपण तळी व विहिरी ह्यांच्या संदर्भात ठेवतो. महाडचा लढा ह्याच ठरावाच्या आधारे उभा राहिला व चवदार तळ्याचा दावा न्यायालयांतून फिरत १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. परंतु सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या ज्या जागा त्या ठरावाने सर्वांना खुल्या केल्या होत्या, त्यांत शाळा व न्यायालये ह्यांच्या बरोबरीने दवाखान्यांचाही स्पष्ट समावेश होता. दवाखान्याची पायरी चढण्यासाठी विधिमंडळाचा ठराव लागावा, ह्यावरून त्या काळाची कल्पना यावी.

ही कल्पना अधिक स्पष्ट करणारा एक प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींच्या टिपणात नोंदवून ठेवला आहे. प्रसंग १९२९ सालचा, काठेवाडातील आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांनी तिची प्रकृती बिघडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातील प्रतिष्ठितांनी शब्द टाकला, दोन रुपये फी देण्याचे ठरले, तेव्हा तो आला. पण रुग्णाला वस्तीबाहेर आणावे, अशी त्याची अट होती. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हाती दिला, त्याने तो पतीकडे व पतीने पत्नीकडे दिला. परत आला तोही त्याच क्रमाने. दिव्याच्या उजेडात पाहून न्युमोनिया असल्याचे डॉक्टरने सांगितले, औषध पाठवले, पुन्हा मात्र तो आला नाही. ती स्त्री दगावली.

ह्या घटनेत डॉक्टर होता, औषध होते, फीदेखील दिली गेली होती. नव्हती ती एकच गोष्ट : रुग्णाला हात लावून तपासणे त्या डॉक्टरवर बंधनकारक करणारी कोणतीही व्यवस्था. बाबासाहेबांच्या पुढील कार्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. आपल्या मिशनच्या दवाखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निःस्वार्थ सेवा केली, ह्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरीही दयेने उघडलेल्या दारात उभ्या असलेल्या माणसाला, दार बंद झाले तर, तक्रार करण्यासाठी जागा नसते, हे आपणही मान्य केले पाहिजे.

१९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते. जुलै १९२८ मध्ये कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याविषयीचे विधेयक चर्चेस आले. मालकांवर हा बोजा का, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर वकिलाला शोभणारे होते. हा खर्च बव्हंशी सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले, कारण मातेच्या विश्रांतीत साऱ्या समाजाचे हित आहे. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा स्वतःचा लाभ असल्यामुळे तो पूर्णपणे मोकळा राहू शकत नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ मध्ये हा कायदा झाला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले, कामगारांच्या राहण्याच्या खोल्या त्यांनी पाहिल्या. पुढच्याच महिन्यात निघालेल्या वटहुकुमाने कोळशावर उपकर बसवून खाण कामगारांसाठी कल्याण निधी निर्माण केला. ह्या निधीतून घरे, पाणी आणि औषधोपचार ह्यांची तरतूद झाली, तसेच पुढे धनबाद व आसनसोल येथे मध्यवर्ती रुग्णालये उभी राहिली. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या कायद्यातील संदिग्ध शब्दरचना दूर करण्यासाठी त्यांनी दुरुस्ती विधेयकही आणले. ह्याच काळातील एक गोष्ट मात्र मनाला खटकते. युद्धकाळातील कोळसाटंचाईमुळे स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास असलेली बंदी १९४३ मध्ये त्यांच्याच खात्याने उठवली व कायदेमंडळात त्यांनी तिचे समर्थन केले. ही बंदी फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. त्यांच्या गौरवार्थ लिहिणारे बहुधा हे प्रकरण गाळतात.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी काम तुलनेने शांतपणे झाले. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याची जबाबदारी मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर ह्यांच्यावर सोपवण्यात आली. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. योजनेचे मर्म असे की, कामगार आपल्या मजुरीतून थोडी वर्गणी भरणार, मालक अधिक भरणार आणि त्या बळावर आजारपणात उपचार व बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळणार. दवाखान्यात येणारा कामगार त्यामुळे याचक राहत नाही. तो वर्गणीदार होतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मजूर खाते सोडले. विधेयक मांडले गेले ते त्यानंतर. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा अस्तित्वात आला, तेव्हा ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते. त्याच महिन्यात, मधुमेहाने जर्जर झालेल्या अवस्थेत, त्यांनी डॉ. शारदा कबीर ह्यांच्याशी विवाह केला. विमा योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे, तर १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे सुरू झाली. कामगार वस्त्यांत ‘ईएसआयचा दवाखाना’ म्हणून तो आजही ओळखला जातो.

आता ह्या कायद्याच्या मर्यादेकडे वळू या. ती आपल्या अगदी जवळची आहे. अमरावती धर्मप्रांतात मोडणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात, बुलढाणा-मलकापूर रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव आहे. कापूस, सोयाबीन व मका पिकवणारा हा प्रदेश. येथील श्रमिक म्हणजे प्रामुख्याने शेतमजूर. १९४८ च्या कायद्याने शेतमजुराला विमा दिला नाही. शेतातला कापूस ज्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जातो, तेथील मजुरालाही दिला नाही. कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची सरकी काढणे व गाठी बांधणे ही कामे नावानिशी नमूद होती. खामगाव-मलकापूरकडच्या कापसाच्या धुळीत श्वास घेणाऱ्या मजुराला असे बाहेर ठेवले गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा हा अपवाद कायम ठेवला आहे.

शेतावर राबणाऱ्याचा विचार बाबासाहेबांच्या मनात नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला राज्याचा विमा सक्तीचा असावा, असे सुचवले होते. ते स्वीकारले गेले नाही. संविधानात आली ती मार्गदर्शक तत्त्वे : आजारपणात सार्वजनिक साहाय्य (अनुच्छेद ४१), प्रसूतिसाहाय्य (अनुच्छेद ४२) आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे राज्याचे कर्तव्य (अनुच्छेद ४७). ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, ह्यावर संविधान सभेत टीका झाली. सत्तेवर येणाऱ्यांना ह्या तत्त्वांबद्दल मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

जाब विचारला गेला, पण तो न्यायालयात. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नसल्याचे सांगून त्याला परत पाठवले; अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. शेतमजुरांच्या संघटनेसह तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मे १९९६ मध्ये न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला, पैशाची चणचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही असे स्पष्ट केले आणि त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली.

आपल्या राज्यात २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. खाट नाकारली गेल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. मोताळ्याच्या मजुराला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला दाखवता येतो, आणि तो दाखला तहसील कचेरीत मिळतो.