खालचा सा : उस्ताद अब्दुल करीम खाँ

गॅदरिंग जवळ आलं की प्रत्येक हॉस्टेलवर एक वाद ठरलेला असतो. एक गट रॉकवाला, एक किशोरदांचा, एखाद-दुसरा नाट्यसंगीतवाला. लीड गिटार कोण वाजवणार यावर मारामारी, पण बेस गिटार घ्यायला कुणी पुढे येत नाही! बिचारा बेसवाला मागे उभा राहून चार तारांवर डुम डुम करत असतो. तो चुकला किंवा थांबला, तरच त्याची आठवण होते.

मित्रांनो, या खालच्या सुराची किंमत ज्याला पुरती कळली होती, असा एक माणूस आपल्या सांगलीपासून दहा किलोमीटरवर, मिरजेत राहून गेला. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज बारीक, उंच आणि नाजूक होता. त्याचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. यावरूनच ‘किराणा’ घराण्याचं नाव पडलं. (वाण्याच्या दुकानाचा इथे काही संबंध नाही!) घरात पिढ्यान् पिढ्या गाणं आणि सारंगी. तरुणपणी ते भावाबरोबर बडोद्याला दरबारात आले. तिथल्या सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं प्रेम जमलं. त्या काळात असं लग्न कोण मान्य करणार? दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबई गाठली. दरबारातली सुरक्षित नोकरी गेली ती गेलीच.

पुढे ते मिरजेला आले. १८९९ च्या प्लेगच्या साथीत ते इथे आजारी पडले आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गाऊन बरे झाले, असं मिरजेत आजही सांगतात. हे श्रद्धेचं झालं. पण मिरजेशी त्यांचं नातं जडलं आणि शेवटपर्यंत टिकलं, हे मात्र खरं.

मिरज त्यांना मानवण्याचं आणखी एक कारण असावं. हे वाद्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तलवारी सोडून सतार-तानपुरे करायला घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, ते याच परंपरेला. खाँसाहेब नुसते गाणारे नव्हते. बीन, सारंगी, सतार वाजवायचे आणि वाद्यं दुरुस्तही करायचे. दौऱ्यावर निघाले की हत्यारांची पेटी बरोबर असायची. थोडक्यात, आपल्या वर्कशॉपमध्ये शोभला असता असा माणूस!

आता थोडं टेक्निकल. तानपुऱ्याला साधारणपणे चार तारा : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी जाड पितळी तार, खर्जाची. ती जोडीपेक्षा एक सप्तक खाली लागते. म्हणजे तानपुऱ्यातली बेसची तार हीच! तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो आणि त्यावर तारेखाली सुती दोरा सरकवतात. ही जवारी. तिच्यामुळे तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि मूळ सुराबरोबर वरचे हार्मोनिक्सही ठळक ऐकू येतात.

समजा खर्ज ७० हर्ट्झचा आहे. त्याचा पाचवा हार्मोनिक ३५० हर्ट्झ. हा झाला तार सप्तकातला गंधार. म्हणजे कुणीही न छेडता खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता कीबोर्डवर हाच गंधार दाबा. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे तो सुमारे ३५२.८ वर येतो. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन बीट्स! आपल्याला फिजिक्सच्या पेपरात बीट्सचं गणित सुटतं, पण कानाला ते जाणवतं का? खाँसाहेबांना जाणवायचं. त्यांचा बारीक आवाज तानपुऱ्यातून उमटणाऱ्या या सुरांत मिसळून जायचा. किराणा घराण्याचं सगळं लक्ष सुरावर, ते यामुळेच.

या कानाचा उपयोग एका प्रयोगासाठी झाला, आणि इथे सातारा-सांगली एकत्र येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. सप्तकातल्या बावीस श्रुती नेमक्या कुठे येतात हे मोजून ठरवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. खाँसाहेब गायचे आणि देवल तारेची लांबी मोजून गुणोत्तरं मांडायचे. या कामात अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज आयसीएस न्यायाधीशही सामील झाले. १९११ साली साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. क्लेमेंट्स यांनी श्रुती हार्मोनियम बनवून घेतली.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या हार्मोनियमवरून जोरदार वाद झाला. पंडित भातखंड्यांना हा हिशोब मान्य नव्हता. शेवटी ती पेटी काही रूढ झाली नाही. इंजिनिअरांनी यातून शिकण्यासारखं आहे. देवलांची मोजणी वाया गेली असं नाही, पण गवई श्रुती लावतो ती रागाप्रमाणे, आजूबाजूच्या स्वरांप्रमाणे. तीच श्रुती पट्टीत कायमची ठोकून बसवली की काहीतरी हरवतं.

आवडीनिवडीच्या बाबतीतही खाँसाहेब मोकळे होते. म्हैसूर दरबारात जाणं-येणं असल्यामुळे त्यांनी कर्नाटक संगीत मनापासून ऐकलं, शिकलं. आपल्या गाण्यात सरगम आणली, खरहरप्रिया आणि सावेरी या दक्षिणी रागांच्या रेकॉर्ड केल्या. ख्यालाइतक्याच प्रेमाने ते ठुमरी गायले. उस्ताद म्हणून मिरवताना दुसऱ्याकडून शिकायला लाजायचं नाही, हे सोपं नाही. इथे आपण फर्स्ट इयरच्या पोराने कॉर्ड सांगितली तर ऐकत नाही!

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. विद्यार्थी तिथेच राहायचे, जेवायचे. खर्च जलशांच्या तिकिटांतून निघायचा, म्हणजे मास्तरांनी गावोगाव गायचं आणि पोरांना पोसायचं.

या सगळ्यात घर मात्र बेसूर झालं. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. पुढे सुरेशबाबू, हिराबाई आणि धाकट्या सरस्वती राणे हे तिघंही मोठे कलावंत झाले. गाणं वडिलांच्या घराण्याचं, नाव मात्र वडिलांचं नाही. तारेचा केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली तार पुन्हा जुळवता आली नाही. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना ही बाजू गाळली तर ते चरित्र अर्धंच राहील.

घराणं पुढे गेलं ते मुलांबरोबरच शिष्यांमुळे. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजी लहानपणी गदगला दुकानात खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून वेडे झाले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. जेमतेम तीन मिनिटांची रेकॉर्ड, पण तिने एका मुलाचं आयुष्य ठरवून टाकलं.

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनवर उतरले. प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं गेलं. त्यांनी तानपुरा जुळवायला लावला, प्रार्थना गायली आणि तिथेच देह ठेवला. मिरजेला आणून शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा होते आणि मोठमोठे गवई हजेरी लावतात.

झिंजोटीतली त्यांची ठुमरी आज मोबाईलवर सहज मिळते. जरूर ऐका. पण जुन्या रेकॉर्डच्या खरखरीत आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर खर्ज ऐकू येईल अशी अपेक्षा धरू नका. त्यासाठी एखाद्या रविवारी मिरजेला जा, वाद्यांच्या दुकानात कारागिराला जवारी काढताना बघा आणि परवानगी घेऊन तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावा. चौथी तार छेडली की त्यातून हळूच वर येणारा गंधार शोधा. सापडला, तर मग खाँसाहेबांचं गाणं परत लावा.