जादूची गोळी झाडणारा डॉक्टर : पॉल एर्लिख

'टार्गेटेड थेरपी' हा शब्द आजकाल पेपरात वारंवार वाचायला मिळतो. म्हणजे निरोगी पेशींना शक्य तितका धक्का न लावता रोगावरच नेम धरणारे औषध. कल्पना नवी वाटते, पण तिचा जनक १८५४ साली जन्मलेला एक जर्मन डॉक्टर आहे. त्याचे नाव पॉल एर्लिख.

श्ट्रेलेन या गावी (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) एका ज्यू कुटुंबात १४ मार्चला त्याचा जन्म झाला. मेडिकलला गेला खरा, पण सगळा जीव रंगांत. तेव्हा जर्मनीत कृत्रिम रंगांचा धंदा जोरात होता. कपड्यांचे ते रंग हा पेशींवर टाकून बघायचा. पोरगा रंगकामात पटाईत आहे पण परीक्षा काही पास होणार नाही, असे त्याचे सर पाहुण्यांना सांगत म्हणे! हॉस्टेलवासीयांनी लगेच खूश होऊ नये, पठ्ठ्या १८७८ मध्ये डॉक्टर झाला.

या रंगांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे दिसू लागले. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, एकच नसून त्याचे गट आहेत हे ओळखणे त्यातूनच शक्य झाले. मग त्याच्या डोक्यात आले, की रंग जर ठराविक पेशीलाच चिकटतो, तर रोगजंतूला तेवढे मारणारे रसायन का सापडू नये? यालाच तो जादूची गोळी म्हणायचा. ही बंदुकीची गोळी बरं का!

मध्येच १८८८ मध्ये त्याला क्षयाने गाठले. इजिप्तला जाऊन बरा होऊन आला आणि पुन्हा कामाला लागला. रोगप्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी १९०८ चे नोबेलही मिळाले. पण गोळी अजून सापडायची होती. अखेर १९०९ मध्ये फ्रँकफर्टला त्याचा जपानी सहकारी साहाचिरो हाता याने सशांवर प्रयोग केले आणि ६०६ क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त रसायन सिफिलिसवर चालते हे दाखवले.

खरी कसोटी पुढेच होती. १९१० मध्ये औषध विक्रीला येण्याआधी डॉक्टरांना सुमारे ६५,००० डोस फुकट वाटले गेले. एर्लिखची अपेक्षा एकच, रोग्याचे काय झाले ते कळवा. पत्रांचा ढीग पडला. कुणी ठणठणीत बरे झाले, तर कुणाला गंभीर त्रास झाला, काही दगावलेही. हवा लागली की पावडर बिघडे, आणि नीट विरघळवून टोचली नाही तर घात होई. प्रयोगशाळेत जमलेले दवाखान्यात जमत नव्हते. त्याने तक्रारी बाजूला सारल्या नाहीत. १९१२ मध्ये सहज विरघळणारे निओसाल्व्हर्सान आणले. तरी आरोप थांबले नाहीत, १९१४ मध्ये प्रकरण कोर्टातही गेले. २० ऑगस्ट १९१५ रोजी तो वारला.

त्याची कल्पना ल्युकेमियात फळाला आली ती २००१ मध्ये. प्रौढांना होणाऱ्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि सतत 'ऑन' राहणारे एक प्रथिन तयार होते. इमॅटिनिब नेमका तोच स्विच बंद करते. मुख्य चाचणीत हे औषध मिळालेल्यांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

पण चाचणीबाहेरचे जग वेगळे. लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून, बाटली कधी उघडली जाते ते तीन महिने मोजले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ८० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत जनुकीय पातळीवरची अपेक्षित सुधारणा एकातही दिसली नाही. औषध तेच, नेम तोच, फक्त डोस चुकले.

आपणही मशीन टेस्ट बेंचवर चालले की खूश होतो. ते गिऱ्हाइकाच्या हातात कसे चालते हे विचारण्याची हिंमत एर्लिखकडे होती. उत्तर कडू आले तरी त्याने ते ऐकले, आणि औषध सुधारले. हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.