विश्लेषण : मूलद्रव्यांचा क्रम ठरवणारे हेन्री मोस्ले कोण होते?

निकेलचा अणुभार ५८.६९, तर कोबाल्टचा ५८.९३. तरीही आवर्तसारणीत जड कोबाल्ट आधी आणि हलके निकेल नंतर येते. असे का? याचे उत्तर हेन्री मोस्ले यांनी शोधले.

१८८७ मध्ये इंग्लंडमधील वेमथ येथे जन्मलेले मोस्ले मँचेस्टरमध्ये रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९१३ मध्ये त्यांनी एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली. तिचे वर्गमूळ प्रत्येक मूलद्रव्यागणिक समान टप्प्याने वाढत होते. हा टप्पा होता अणुकेंद्रकातील धनप्रभाराचा, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनच्या संख्येचा. कोबाल्टमध्ये प्रोटॉन २७, निकेलमध्ये २८. अणुभारात न्यूट्रॉनचेही वजन येते, म्हणून त्यावरून क्रम लावताना गफलत होत होती.

४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या असल्याचेही मोस्ले यांनी दाखवले. पुढे त्या तिन्ही भरल्या. ६१ ची सर्वांत शेवटी, १९४५ मध्ये.

ते पाहायला मोस्ले नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात दाखल झाले. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे २७.