गॉर्डन हॉल : मुंबईतली तेरा वर्षे

मार्च १८२६. नाशिकमध्ये पटकीची साथ भडकली होती. मुंबईहून आलेले एक अमेरिकी मिशनरी जवळची औषधे आजाऱ्यांना वाटून परतीच्या वाटेला लागले. एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर त्यांनी रात्र काढली आणि पहाटे त्यांनाही पटकीने गाठले. स्वतःसाठी पुरेसे औषध उरले नव्हते. २० मार्च रोजी दुपारी त्यांनी प्राण सोडला. सोबतच्या दोन तरुणांनी त्यांचा देह घोंगडीत गुंडाळून तेथेच पुरला. हे होते गॉर्डन हॉल. वय अवघे ४१.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ८ एप्रिल १७८४ रोजी एका शेतकरी कुटुंबात हॉल यांचा जन्म झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि फिलाडेल्फियात वैद्यकाची तोंडओळखही करून घेतली. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकन बोर्डाच्या पहिल्या तुकडीतून ते हिंदुस्थानाकडे निघाले.

कलकत्त्यात उतरताच त्यांना परत फिरण्याचे फर्मान मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनऱ्यांचा वावर नको होता. त्यातच इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे अमेरिकी माणूस अधिकच संशयास्पद ठरला. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोहोचले. तेथेही हकालपट्टीची टांगती तलवार होती. एकदा दोघे गुपचूप जहाजाने सिलोनकडे निघाले, तेव्हा कोचीनहून त्यांना परत आणण्यात आले. अखेर हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढे लेखी गाऱ्हाणे मांडले. नेपियन यांनी निर्णय लांबणीवर टाकला आणि पुढे वास्तव्याची परवानगी मिळाली.

मग सुरू झाला रोजचा दिनक्रम. पंडितापाशी बसून मराठी शिकायची आणि जमेल तेवढे भाषांतर करायचे. त्यानंतर बाजारात, देवळांच्या आवारात, तलावाकाठी जाऊन लोकांशी बोलायचे. लोक जमत, ऐकत, उलट प्रश्न विचारीत, वाद घालीत आणि आपापल्या कामाला निघून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहकारीही टिकेनात. नॉट १८१५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने परतले आणि सॅम्युअल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने दगावले. हॉल यांनी १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी विवाह केला. परंतु आजारपणामुळे १८२५ मध्ये पत्नी व दोन मुलांना अमेरिकेला पाठवावे लागले. हॉल मागे राहिले. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

धर्मांतराच्या हिशेबात हॉल यांच्या पदरी जवळपास काहीच पडले नाही. तेरा वर्षांत स्थानिकांचे बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतकेही झाले नाहीत. ज्या कामासाठी ते सातासमुद्रापार आले, तेच फळाला आले नाही. मात्र त्या कामाची केवळ साधने म्हणून जे उभे केले, ते टिकले.

त्यातले पहिले साधन शाळा. मिशनने १८१५ पासून मुंबईत मराठी शाळा काढल्या. पंतोजी बहुधा येथलेच असत. मुलांना वाचन, लेखन व अंकगणित शिकवले जाई, त्याबरोबर ख्रिस्ती धर्माचे पाठही असत. बेने इस्रायली मुलेही या शाळांत येत. मिशनने १८२४ मध्ये मुलींचीही शाळा सुरू केली.

दुसरे साधन छापखाना. होरेशिओ बार्डवेल हे मुद्रणाचे जाणकार सहकारी १८१६ मध्ये येऊन मिळाले. कलकत्त्याहून यंत्र व देवनागरी खिळे आणण्यात आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वी, तेथून मराठी पुस्तिका छापून बाहेर पडली. हॉल यांनी मोठा वाटा उचललेला मराठी नवा करार १८२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

या छापखान्याचा उपयोग पुढे मिशनबाहेरच अधिक झाला. टॉमस ग्रॅहम यांनी तेथेच देवनागरी खिळे पाडण्याची कला हस्तगत केली. मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत व मराठी ग्रंथांच्या शुद्ध, सुबक छपाईसाठी त्याचे नाव देशभर झाले. ज्या धर्मापासून लोकांना वळवण्यासाठी हॉल आले होते, त्याच धर्माचे ग्रंथ तेथून घरोघरी पोहोचले.