रेव्हरंड ना. वा. टिळक : भजनाने माणसे जोडणारे कवी

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात. पण मी दुसऱ्या टिळकांची माहिती लिहिली आहे. त्यांचे पूर्ण नाव नारायण वामन टिळक. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता त्यांचीच. माझ्या आजीला ती अजून तोंडपाठ आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिकला ते गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकले. १८८० साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी त्या आपल्यापेक्षा थोड्याशाच मोठ्या होत्या! टिळकांनी खूप नोकऱ्या केल्या. कधी शिक्षक, कधी भिक्षुक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारे. एका गावात ते फार दिवस टिकत नसत.

१८९१ साली ते आपल्या नागपूरला आले. इथे आप्पासाहेब बुटी नावाचे श्रीमंत गृहस्थ होते. त्यांच्याजवळ जुन्या संस्कृत ग्रंथांचा मोठा साठा होता. त्यांचे भाषांतर करायचे काम टिळकांना मिळाले. त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिकही काही दिवस चालवले. त्यात हिंदू धर्माची चर्चा असे.

१८९३ साली ते काम शोधायला राजनांदगावला निघाले. तेव्हा ते संस्थान होते, आता छत्तीसगडमध्ये आहे. आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या परदेशी पाद्र्याशी गाठ पडली. दोघांचे बोलणे झाले. वॉर्ड यांनी त्यांना बायबल दिले. टिळक ते वाचत गेले आणि विचार करत गेले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

लक्ष्मीबाईंना हे कळले तेव्हा त्यांना फार दुःख झाले. पदरात लहान दत्तू होता. नातेवाईक चिडले. चार वर्षांहून जास्त काळ नवराबायको वेगळे राहिले. मग त्या दत्तूला घेऊन अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांकडे गेल्या. आधी त्या सोवळेओवळे कडक पाळत. हळूहळू त्यांना वाटू लागले की देवाने माणसांत उच्चनीच केलेले नाही. १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ हे आपल्या आयुष्याचे पुस्तक लिहिले. ते खूप गाजले.

आता गाण्यांची गोष्ट सांगते. त्या काळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळ गाणी इंग्रजीवरून केलेली असत. शब्द मराठी आणि चाल विलायती! मग आखूड अक्षर उगाच लांबवावे लागे आणि लांब अक्षर तोडावे लागे. खेड्यातल्या माणसाला ते गाणे आपले वाटत नसे. टिळकांना तुकाराम महाराजांचे अभंग फार आवडत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. म्हणून त्यांनी येशूची गाणी अभंगात आणि भजनाच्या चालीत केली. ते कीर्तनसुद्धा करत.

भजनाची एक गंमत आहे. आमच्या गावात भजन असते तेव्हा मी पाहते. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ मागून म्हणतात. वाचता येत नसले तरी चालते. भाषा नीट येत नसली तरी दोन-तीनदा ऐकून ओळ तोंडात बसते. टाळ सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. टिळकांनी हेच ओळखले होते. म्हणून शेतकरी, मजूर, पंडित आणि इंग्रजी बोलणारे अमेरिकन व स्कॉटिश पाद्री एकच गाणे एकत्र गाऊ लागले. परदेशी लोकांनी आपली चाल शिकावी, आपल्याच लोकांनी का परके व्हावे, असा त्यांचा विचार होता. मला तो पटला.

पुढे निकल मॅकनिकल या स्कॉटिश माणसाने टिळकांची गाणी इंग्रजीत नेली. त्यातले एक इंग्रजी चर्चच्या गीतपुस्तकांतही छापले गेले. म्हणजे आधी इंग्रजी गाणी मराठीत येत होती, आणि मग मराठी गाणे इंग्रजीत गेले!

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. ते साताऱ्याला संन्याशासारखे राहू लागले. त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तिथे यायची मोकळीक होती. पण लवकरच त्यांची तब्येत बिघडली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे मोठे काव्य अर्धवट राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या बाईंना त्यांच्या नव्या धर्माने इतके रडवले, त्यांनीच हे काम केले, हे मला सर्वांत मोठे वाटते.

टिळकांच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी आपल्या नागपुरात एक घटना घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळे ख्रिस्ती पंथ एक झाले आणि उत्तर भारतीय चर्च तयार झाले. त्यांची माणसे वेगवेगळ्या प्रांतांतली होती आणि वेगवेगळ्या भाषा बोलत होती.

आपल्या वर्गातही कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी गोंडी बोलतात. मधल्या सुट्टीत आपण कधी कधी भांडतो पण. परिपाठाला मात्र सगळे एका सुरात गाऊन राहिलो असतो. तेव्हा कोण कुठल्या घरचा ते कळत नाही. टिळकांना हेच पाहिजे होते, असे मला वाटते. त्यांना माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी