विश्लेषण : मूकपटांची राणी बोलपट येताच वर्षभर पडद्यावरून गायब का झाली? कोण होत्या ‘सुलोचना’ रूबी मायर्स?

महिन्याला ५,००० रुपये पगार आणि नुसत्या नावावर चित्रपटगृह भरेल इतकी लोकप्रियता. १९२५ ते १९३० या काळात देशातली सर्वांत महागडी नटी असलेल्या सुलोचना यांच्याकडे हे सगळे होते. मात्र १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला आणि या राणीपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. ज्या भाषेत आता बोलायचे, ती भाषाच त्यांना धड येत नव्हती.

कोणत्या सुलोचना?

नावावरून गोंधळ होणे साहजिक आहे. पडद्यावरच्या सोशिक आई सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर. फडकती लावणी गाणाऱ्या त्या सुलोचना चव्हाण. आपण बोलतोय ते या दोघींच्याही आधीच्या पिढीतल्या सुलोचनांबद्दल. त्यांचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. घर बगदादी ज्यू समाजातले. इराकच्या बाजूने व्यापारासाठी आलेली ही मंडळी मुंबई, पुणे आणि कोलकात्यात स्थिरावली होती. रूबी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करत.

म्हणजे आवाज हेच ज्यांच्या नोकरीचे भांडवल, त्या बाई मूकपटात प्रसिद्ध झाल्या आणि बोलपटात अडल्या. नियतीचा हा विनोद थोडा कडूच आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमधून पडद्यावर कशा आल्या?

कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात येण्याबद्दल विचारले. रूबी यांनी आधी साफ नकार दिला. त्या काळी सिनेमात काम करणे घरंदाज बाईला शोभणारे मानले जात नसे. दादासाहेब फाळके यांना १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीच मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी आल्या, पण वाट लगेच रुळली नाही.

त्यामुळे १९२० नंतरच्या दशकात निर्मात्यांचे लक्ष अँग्लो-इंडियन, ज्यू आणि युरेशियन मुलींकडे गेले. त्यांच्या घरांत सिनेमाचा बाऊ तुलनेने कमी होता. पेशन्स कूपर याच वाटेने आल्या. रेनी स्मिथ ‘सीतादेवी’ झाल्या. रूबी मायर्स यांचे ‘सुलोचना’ झाले. नाव भारतीय, वेश भारतीय आणि पडदा मुका. त्यामुळे बोलण्याची ढब कोणती, हे विचारायला कोणी जाणार नव्हते. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि १९२५ मध्ये ‘वीरबाला’ आला. अभिनयाचे कसलेही शिक्षण नसताना.

नंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९२६ मध्ये ‘सिनेमा क्वीन’, त्याच वर्षी ‘टायपिस्ट गर्ल’. पुराणकथांनी भरलेल्या पडद्यावर अचानक नोकरी करणारी शहरी मुलगी दिसू लागली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तर त्यांनी आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलिस होता, रस्त्यावरचा पोर होता, केळेवाली होती, सोनेरी केसांची युरोपियन बाई होती आणि एक हैदराबादी गृहस्थही होता.

हा हैदराबादी गृहस्थ आपल्या जिल्ह्याच्या वाचकाने जरा लक्षात ठेवावा. तेव्हा धाराशिव, म्हणजे सरकारदरबारी उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेरवानी आणि रुमी टोपीतला असा माणूस आपल्याकडच्या कचेरीत रोज दिसे. मूकपटात सुलोचना तो माणूस निव्वळ चालण्या-बसण्यातून उभा करू शकत होत्या. त्याला तोंड उघडून उर्दू बोलायला लावले असते, तर सोंग पहिल्याच वाक्याला उघडे पडले असते.

मूकपटात भाषेची अडचण का नव्हती?

कारण भाषा पडद्यावर नव्हतीच, ती पाट्यांवर होती. दृश्यांच्या मध्ये इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा लिप्यांत मजकूर येई. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी, काही ठिकाणी त्यासाठी माणूसच ठेवलेला असे. पडद्याखाली पेटी आणि तबला. एकच चित्रपट लाहोरला चाले, मद्रासला चाले आणि कोल्हापूरलाही. नटीची मातृभाषा कोणती, याच्याशी प्रेक्षकाला काही देणेघेणे नव्हते.

अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत गेल्यावर सुलोचना यांचा भाव शिखरावर पोहोचला. दिग्दर्शक आर. एस. चौधरी यांच्यासोबत ‘माधुरी’ (१९२८), ‘अनारकली’ (१९२८) आणि ‘इंदिरा बी. ए.’ (१९२९) लागोपाठ गाजले. ‘अनारकली’ची गोष्ट मजेशीर आहे. दुसरी एक कंपनी सीतादेवींना घेऊन याच कथेवर मोठ्या थाटात चित्रपट काढत होती. इंपीरियलने झटपट आपली ‘अनारकली’ तयार करून आधी पडद्यावर लावली आणि बाजी मारली.

लोकप्रियतेचा अंदाज आणखी एका गोष्टीवरून येतो. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन करतानाच्या एका लघुपटाच्या जोडीला ‘माधुरी’तले सुलोचना यांचे नृत्य ध्वनीची जोड देऊन दाखवले गेले. खादी आणि ‘माधुरी’ एकाच खेळात! पडद्यावर आवाज खेळवून पाहण्याचे प्रयोग तोवर सुरू झाले होते, हेही त्यातून कळते.

पगाराबद्दल मात्र एक दंतकथा तपासून घ्यायला हवी. सुलोचना यांना मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता, असे अनेकदा लिहिले जाते. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,००० ठरला होता. सुलोचना यांचे ५,००० त्याच्या निम्मे. तरीही कारकून जिथे महिन्याला काही दहा रुपयांवर संसार चालवत, तिथे हा आकडा डोळे विस्फारणाराच होता.

‘आलम आरा’ने नेमके काय बदलले?

सगळेच. ‘आलम आरा’ इंपीरियलचाच. सुलोचना ज्या कंपनीच्या राणी होत्या, तिनेच देशातला पहिला बोलपट काढला आणि नायिका झाल्या झुबेदा. या भूमिकेसाठी आधी विचार सुलोचना यांचाच झाला होता, असे सांगितले जाते. झुबेदा सचिन संस्थानच्या नवाबी घराण्याशी नाते सांगणाऱ्या, अभिनेत्री-दिग्दर्शिका फातमा बेगम यांच्या कन्या. पडद्याला आता जी भाषा हवी होती, ती त्यांच्या घरातलीच होती.

चित्रीकरणाची रीतही बदलली. इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. गाड्यांचा खडखडाट टाळण्यासाठी रात्री उशिरा काम चाले. माइक सामानाआड दडवलेले असत आणि नटाने त्याच्या टापूत राहूनच बोलायचे. मूकपटात दिग्दर्शक कॅमेरा चालू असताना ओरडून सूचना देई, ते बंद झाले. धावणे, उड्या, तलवारबाजी मागे पडली आणि उभे राहून म्हणायचे संवाद पुढे आले. शिवाय गाणे. पार्श्वगायनाची सोय हिंदीत १९३५ च्या सुमारास आली. तोवर गाणेही सहसा नटानेच म्हणायचे, तेही चित्रीकरण सुरू असतानाच.

अडचण एकट्या सुलोचना यांची नव्हती. ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून पुढे आलेले मराठी गडी, मारधाडपटांचे बादशहा. त्यांना आपल्याकडे ठेवण्यासाठी जुनी शारदा कंपनी कोर्टात गेली. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि विठ्ठल जिंकले. एवढा खटाटोप करून मिळालेल्या नायकाचे हिंदुस्थानी उच्चार मात्र जमेनात. अखेर चित्रपटात बराच वेळ तो बेशुद्ध किंवा गुंगीत राहील, अशी व्यवस्था करण्यात आली. देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला होता होईतो बोलू द्यायचे नाही!

विठ्ठल पुढे मराठी चित्रपटांकडे वळले. त्यांना परतायला मायबोली होती. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर मराठी नटांना आपल्या भाषेचा पडदा मिळाला होता. रूबी मायर्स कुठे परतणार? त्यांच्यासारख्या घरांतल्या मुलींच्या बोलीचा बोलपट कोणी काढणार नव्हते. हॉलीवूडमध्येही १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’नंतर परदेशी उच्चारांच्या कित्येक नट्यांची कामे गेली. त्यांना निदान आपल्या देशाचा सिनेमा होता.

मग सुलोचना यांनी काय केले?

त्या शिकायला बसल्या. वर्षभर काम थांबवून त्यांनी हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास केला. पंचविशीतली, देशात नाव झालेली, महागडी नटी मुळाक्षरांपासून उच्चार घोटते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. त्या काळात सिनेमातले एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात नव्या गाणाऱ्या नट्या येऊन स्थिरावत होत्या. प्रेक्षक विसरेल, ही भीती खोटी नव्हती.

(आपल्या जिल्ह्यापुरता एक विचार मनात येतोच. निजाम राजवटीत इथल्या शाळांमध्ये उर्दूचा अंमल होता. त्या वर्षी उस्मानाबादच्या शाळेतला एखादा मराठी मुलगा जी भाषा नाइलाजाने गिरवत असेल, तीच भाषा मुंबईतली सर्वांत महागडी नटी पोटासाठी गिरवत होती.)

१९३२ मध्ये त्या परतल्या, तेही ‘माधुरी’ घेऊनच, पण आता बोलत्या ‘माधुरी’ला. हीच युक्ती पुढे पुन्हा पुन्हा वापरली गेली. मूकपटातली ‘इंदिरा बी. ए.’ १९३४ मध्ये ‘इंदिरा एम. ए.’ होऊन आली. शिकून आलेल्या नटीच्या नायिकेची पदवीही वाढली, हा योगायोग मला तरी गोड वाटतो. १९३५ मध्ये बोलती ‘अनारकली’ आणि १९३६ मध्ये ‘वाइल्डकॅट’चेच नवे रूप ‘बम्बई की बिल्ली’. गोष्ट प्रेक्षकाच्या ओळखीची, चेहरा ओळखीचा, नवा फक्त आवाज. धोका कमी करण्याचा हा शहाणा मार्ग होता. सगळा डाव शिकवणीच्या जोरावर जिंकला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. इंपीरियलकडे जुन्या यशस्वी कथा होत्या आणि त्या सुलोचना यांच्यासाठी वापरायची तयारीही होती.

नायक म्हणून दिनशा बिलिमोरिया ठरलेले. १९३३ ते १९३९ ही जोडी एकत्रच काम करत राहिली, आणि पडद्याबाहेरच्या त्यांच्या प्रेमाचीही चर्चा होती. याच दशकाच्या मध्यात सुलोचना यांनी ‘रूबी पिक्स’ ही स्वतःची चित्रसंस्थाही काढली.

यश टिकले का?

फार काळ नाही. दशक संपताना इंपीरियल सुटली, बिलिमोरियांबरोबरची जोडी तुटली आणि दोघांचीही कारकीर्द उतरणीला लागली. नायिकेची कामे येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी चरित्र भूमिका घेतल्या. १९४७ च्या ‘जुगनू’त त्या होत्या. १९५३ मध्ये पुन्हा ‘अनारकली’ निघाला. नायिका बीना राय. सुलोचना यांच्या वाट्याला आली सलीमच्या आईची भूमिका. एकाच कथेच्या तीन चित्रपटांत त्या होत्या : मुकी अनारकली, बोलती अनारकली आणि मग अनारकलीची न झालेली सासू.

त्यानंतरही छोट्या भूमिका चालू राहिल्या. १९७८ च्या ‘खट्टा मीठा’मध्येही त्या दिसतात. मोबाइलवर हा चित्रपट पाहणाऱ्या किती जणांना ती म्हातारी बाई कोण हे ओळखू येत असेल, कोण जाणे.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या एकट्याच राहत होत्या.

त्यांचे मूकपट आज पाहता येतात का?

ज्या कामाने त्या राणी झाल्या, ते जवळपास सगळे हरवले आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले, असा अंदाज आहे. त्यांतले फार थोडे, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले आहेत. नायट्रेटची फिल्म लवकर पेट घेई, शिवाय तिच्यातली चांदी काढण्यासाठी ती विकलीही जाई. बोलपट आल्यावर मूकपट जपून ठेवण्यात निर्मात्यांना फायदा दिसेना. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’तल्या त्या आठ भूमिका, हैदराबादी गृहस्थासकट, आता फक्त लिखित वर्णनांत आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ही याला अपवाद नाही, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

जे वाचले ते जपण्याचे काम करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झाले, रूबी मायर्स यांच्या जन्मगावात.