विश्लेषण : पाय न कापता धमनीचा फुगा कसा रोखला? कोण होते जॉन हंटर?

डिसेंबर १७८५. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ४५ वर्षांचा घोडागाडीवान दाखल होता. गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आला होता. तो फुटला तर रक्तस्रावाने मृत्यू अटळ होता. शल्यचिकित्सक होते जॉन हंटर.

तेव्हा उपचार काय होते?

एक तर मांडीतून पाय कापणे, नाही तर फुगा उघडून धमनी तिथेच बांधणे. भूल देण्याची सोय नव्हती. फुग्याजवळची धमनी आजारी असल्याने बांधलेली जागा फाटायची आणि अनेक रुग्ण दगावायचे.

हंटर कोण होते?

१७२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्म. दहा भावंडांत धाकटे. शाळेत मन रमले नाही. १७४८ मध्ये ते लंडनला थोरले भाऊ विल्यम यांच्या शरीररचना विद्यालयात मदतीला गेले आणि शवविच्छेदनात तरबेज झाले. पुढे लष्करात शल्यचिकित्सक झाले. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर त्यांचेच शिष्य.

त्यांनी वेगळे काय केले?

हंटर यांनी फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती, तिथे ती बांधली. मुख्य रस्ता बंद झाल्यावर वाहने गल्लीबोळांतून जातात, तसे रक्त आजूबाजूच्या लहान धमन्यांतून पायात पोहोचेल, हा त्यांचा कयास होता.

तो खरा ठरला. पाय वाचला. जानेवारी १७८६ मध्ये रुग्ण घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकू लागला. सुमारे सव्वा वर्षाने तो तापाने वारला. हंटर यांनी तो पाय मिळवून तपासला, तेव्हा फुगा आक्रसलेला आढळला.

वाद कोणता?

नमुन्यांसाठीची त्यांची धडपड नेहमीच नैतिक नव्हती. आयर्लंडचे अतिउंच चार्ल्स बर्न यांना आपला देह समुद्रात सोडला जावा असे वाटत होते. १७८३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर हंटर यांनी तो देह मिळवला. तो सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने २०२३ मध्ये प्रदर्शनातून हटवला.

आज काय उरले?

हंटर १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयातील बैठकीतच कोसळून वारले. आता अशा फुग्यावर बायपास किंवा आतून स्टेंट बसवतात. मांडीतल्या त्या जागेला मात्र आजही ‘हंटर्स कॅनाल’ म्हणतात.